चांगला होता तो शॉट, नवव्या व्हर्जनला

एका सिनेमातल्या शॉटचा तो स्क्रीनशॉट बराच फिरला होता. मोडक्या पुलावर एक बाई उभी आहे, मागे भलंमोठं जनावर, आणि बाई अशी दिसतेय की कुणीतरी मासिकातून कात्रीने कापून चिकटवलीये. खाली लोकांचं नेहमीचं चालू, एवढे पैसे ओतून हे असलं काढतात, तीस वर्षांपूर्वीचे डायनासोर याच्यापेक्षा खरे वाटायचे, कॉम्प्युटरवाल्यांना आता काही येतच नाही. मी सगळं वाचलं. वाचणारच ना, ती बाई मीच चिकटवली होती.

म्हणजे मी कॉम्प आर्टिस्ट. बाकी सगळ्या डिपार्टमेंटनी केलेलं काम शेवटी माझ्या टेबलावर येतं, शूट केलेला माणूस, कॉम्प्युटरमधलं जनावर, मागचं आकाश, धूळ, आणि ते सगळं एकाच कॅमेऱ्याने एकाच वेळी टिपलंय असं वाटायला लावणं हे माझं काम. सिनेमाचं नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही, सही केलेला कागद आहे. आजकालचे व्हीएफएक्स, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स, खराब का दिसतात असं कुणी विचारलं की मला मोठं उत्तर देता येत नाही, पण या एका शॉटचं पोस्टमॉर्टेम पहिल्या दिवसापासून करता येतं, तेच करतो.

शॉट ९४ फ्रेम्सचा. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे चार सेकंदांना दोन फ्रेम्स कमी. एडिटरला मागेपुढे सरकवायला जागा हवी म्हणून दोन्ही बाजूंना आठ-आठ फ्रेम्स जास्तीच्या, त्याला हँडल्स म्हणतात, एकूण ११०. बाई पुलावर धावत येते, थांबते, मागे वळते, मागे ते जनावर वर येतं, कॅमेरा किंचित मागे सरकतो. बस एवढंच. कागदावर वाचलं तर सोपा शॉट आहे, याहून दहापट अवघड शॉट मी केलेत आणि ते छान दिसतात, कुणी त्यांचे स्क्रीनशॉट फिरवत नाही कारण तिथे काही केलंय हेच कुणाला कळत नाही.

प्लेट

शूट झालेलं कच्चं फुटेज म्हणजे प्लेट. आमची प्लेट आली तेव्हा पहिल्यांदा उघडली ते आठवतंय. पुलाचा जेमतेम सहा-सात मीटरचा तुकडा सेटवर बांधलेला, बाकी तिन्ही बाजूंना हिरवा कपडा, आणि वरून मोठमोठ्या सॉफ्ट लाइट्सचा असा एकसारखा उजेड की बाईच्या नाकाखाली सावली नाही, हनुवटीखाली सावली नाही, डोळ्यांच्या खोबणीत सावली नाही. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या आयडी कार्डच्या फोटोसारखा चेहरा.

असं का केलं असेल? कॅमेरामन काही अडाणी नव्हता, उलट नावाजलेला माणूस. पण प्लेटबरोबर आलेल्या कागदात सीनच्या वर्णनात लिहिलं होतं, बाहेर, पूल, संध्याकाळ आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह मी विसरणार नाही. सीन संध्याकाळचा आहे की दुपारचा हे शूटच्या दिवशी ठरलेलं नव्हतं, मग लाइट लावणारा काय करणार, त्याने असा लाइट लावला की पुढे काहीही ठरलं तरी चालेल. आणि काहीही चालेल असा लाइट म्हणजे खरं तर कशालाच न चालणारा लाइट. संध्याकाळचं ऊन एका बाजूने येतं आणि केशरी असतं, दुपारचं वरून येतं आणि कडक असतं, ढगाळ दिवसाला सावल्या मऊ असतात पण असतात, या प्लेटमधला उजेड पृथ्वीवर कुठेच कधीच पडत नाही.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे रेफरन्स नाही. एरवी सेटवर टेक झाल्यावर त्याच जागी एक चकचकीत स्टीलचा गोळा आणि एक करडा गोळा धरून कॅमेऱ्याने शूट करतात, शिवाय एक जण चारी बाजूंचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढतो, त्यातून एचडीआरआय बनतो, म्हणजे त्या जागी उजेड कुठून किती येत होता याचा अख्खा नकाशा. सगळं धरून पाच मिनिटांचं काम. पण शूट उशिरा चाललेलं असतं, सत्तर-ऐंशी माणसं खोळंबलेली असतात, आणि असिस्टंट डायरेक्टर घड्याळ दाखवतो. त्या पाच मिनिटांची भरपाई आम्ही नंतर कित्येक आठवडे केली. लेन्सची नोंदही चुकीची होती, त्यामुळे मॅचमूव्हवाल्याला, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी उतरवणाऱ्याला, फोकल लेंथ अंदाजाने काढत बसावं लागलं. त्या बिचाऱ्याने दोन दिवसांत काढली, त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

लोक ज्या जुन्या सिनेमांची उदाहरणं देतात ती नीट बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये डायनासोर पडद्यावर सगळे मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास आहेत, त्यातले कॉम्प्युटरवर केलेले सहाएक मिनिटं, बाकी स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेले खरोखरचे यांत्रिक बाहुले. टी-रेक्सचा हल्ला रात्रीचा, पावसातला, म्हणजे उजेड कुठून येणार आणि काय अंधारात राहणार हे ठरवूनच सगळे सेटवर उतरले होते. त्या पावसाने यांत्रिक टी-रेक्सची फोमची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि तो थरथरायला लागायचा, ते निस्तरणं वेगळंच, पण आयएलएमवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरचे डायनासोर करणाऱ्या कंपनीच्या लोकांच्या, समोर एक खरी ओली चकाकणारी कातडी होती जिच्याशी त्यांना आपलं जनावर जुळवायचं होतं. कॉम्प्युटर तेव्हाचे आजच्या फोनपुढे काहीच नव्हते. २००६ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : डेड मॅन्स चेस्ट'मधला डेव्ही जोन्स घ्या, ऑक्टोपसच्या सोंडांची दाढीवाला तो कप्तान. बिल नाय नावाचा नट करडा सूट घालून खऱ्या सेटवर, इतर नटांच्या मधोमध उभा राहून काम करत होता, नंतर त्याच्या जागी अख्खा डेव्ही जोन्स कॉम्प्युटरमधला बसवला. उजेड खरा होता, ओलावा खरा होता, समोरच्या नटाची नजर बरोबर जागी होती. त्या कामाला ऑस्कर मिळालं आणि आजही त्या पात्राचा चेहरा बघून मी मान खाली घालतो.

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढंच.

नववं व्हर्जन

तरीपण आम्ही तो शॉट जमवला होता, हे मला नोंदवून ठेवायचंय, कारण स्क्रीनशॉट बघणाऱ्यांना ते कधी कळणार नाही. सुरुवातीला क्लायंटकडून आलं, संध्याकाळच धरा. मग सोपं झालं. सूर्य बाईच्या मागे डावीकडे खाली ठेवला. सूर्य मागे असला की चेहरा सावलीत जाणं स्वाभाविक असतं, त्यामुळे तो सपाट ट्यूबलाइटवाला चेहरा मी दीड स्टॉप खाली नेला (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), गाल आणि कपाळ दाबले, आणि केसांच्या कडेला आणि डाव्या खांद्यावर केशरी उजेडाची बारीक रेघ काढली. जनावर आणि बाई यांच्या मध्ये धुळीचा थर टाकला. धूळ ही कॉम्पवाल्याची सगळ्यात जुनी मैत्रीण, कारण हवेत काही असलं की लांबच्या गोष्टींमधला काळा रंग खरा काळा राहत नाही, करडा होतो, आणि डोळा लगेच म्हणतो की हां, हे लांब आहे. जनावराचं अर्धं अंग त्या धुळीत हरवलेलं, दिसायची फक्त पाठीची आणि मानेची कड, बाकीचं तुम्ही मनाने भरायचं.

नववं व्हर्जन डेलीजमध्ये लागलं. डेलीज म्हणजे रोज सकाळी अंधाऱ्या खोलीत सगळ्यांचे शॉट मोठ्या पडद्यावर लावतात आणि सुपरवायझर एकेकाची चिरफाड करतो. आमचे सुपरवायझर बोलायला फार कमी. शॉट लूपवर चालू होता, चार-पाच वेळा फिरला, मग म्हणाले, "पुढचा लावा." एवढंच. मागून लीडने, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखाने, माझ्या खुर्चीला हळूच लाथ मारली. आमच्यात याला शाबासकी म्हणतात.

मग नोट्स आल्या

क्लायंट बघतो आणि बदल लिहून पाठवतो त्या नोट्स. आता इथे मला कुणाला व्हिलन करायचं नाहीये, कारण एकेक नोट वेगळी काढून वाचली तर चुकीची एकही नव्हती. पहिली नोट, चेहरा थोडा अजून दिसू दे. बरोबर आहे, मोठी नटी आहे, तिचे हावभाव दिसायला हवेत. चेहरा उचलला. पुढची, जनावर थोडं अजून दिसू दे, एवढे पैसे जनावरावर गेलेत. धूळ कमी केली. पुढची, आता चेहरा आणि मागचं यात फरक कमी वाटतोय, चेहरा अजून थोडा उचला. असं करत करत एकविसाव्या व्हर्जनपर्यंत आलो तेव्हा सूर्य मागे असूनही बाईचा चेहरा समोरून लख्ख, आणि जनावर नखशिखांत स्पष्ट. थोडं थोडं थोडं करत तो शॉट खड्ड्यात गेला, आणि कुठल्या एका दिवशी गेला असं बोट ठेवून सांगता येत नाही.

बाविसाव्याला मात्र बोट ठेवता येतं. एडिट बदललं. पुलाचा सीन आधी सिनेमात पुढे होता तो उचलून एका खऱ्या उन्हात शूट केलेल्या सीनला चिकटवला, म्हणून हा पण भर दुपारचा पाहिजे. गोष्टीच्या दृष्टीने कदाचित बरोबरच असेल, मी अख्खा सिनेमा तेव्हा बघितला नव्हता, आम्हाला आमचे शॉट आणि आजूबाजूचं थोडं एवढंच दाखवतात. पण दुपार म्हणजे काय याचा विचार करा. धूळ गेली, धूसरपणा गेला, मागचा सूर्य गेला. दुपारच्या उन्हात भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली कडक काळ्या सावल्या पडतात, आणि आमच्या प्लेटमध्ये तिथे काहीच नाही. मग काय केलं, बाईच्या डोक्याचा एक ढोबळ थ्रीडी साचा केला, तो तिच्या डोक्याबरोबर फ्रेम बाय फ्रेम हलवला, त्याच्यावर खोटा सूर्य लावला आणि त्याच्या सावल्या घेऊन तिच्या खऱ्या चेहऱ्यावर चढवल्या. साचा पुरेसा तिच्यासारखा नाही, त्यामुळे ती वळते तेव्हा नाकाची सावली अर्धी फ्रेम मागे राहते. तुम्हाला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी विचित्र आहे हे तुमचा मेंदू सांगतो, माणसाचा चेहरा बघायची सवय आपल्याला जन्मापासून आहे.

आणि पाय. पाय जमिनीला टेकतात तिथे अगदी बुडाशी एक घट्ट काळी सावली असते, कॉन्टॅक्ट शॅडो, ती नसली की माणूस तरंगतो. कॉम्प्युटरमधला पूल नंतर रुंद करायला सांगितला त्यामुळे सेटवरचा पुलाचा तुकडा पण बदलून टाकला, म्हणजे तिची खरी सावली जी काही होती तीही गेली. आता ती बाई म्हणजे केसांपासून टाचांपर्यंत चारी बाजूंनी कापलेली एकटी आकृती. प्लेटमधलं शिल्लक काय, तर ती.

तेही फार दिवस राहिलं नाही. छत्तिसाव्या व्हर्जनच्या सुमारास पिकअप शूट झालं, म्हणजे राहिलेले तुकडे शूट केले, त्यात तिचं जॅकेट वेगळं. आधीच्या सगळ्या शॉट्समध्ये नवं जॅकेट बसवा. मग कॉम्प्युटरमधलं जॅकेट आलं, कॉलर आली, आणि खरी म्हणावी अशी फक्त मान, चेहरा, केस आणि हात राहिले. कपडे कॉम्प्युटरने बदलणं हे काही जगावेगळं नाही, २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'मधले ते पांढरे टाइम-ट्रॅव्हलचे सूट अख्खे कॉम्प्युटरमधले आहेत, शूट करताना डिझाइनच ठरलेलं नव्हतं, आणि बहुतेकांना ते कळलंही नाही. पण तिथे अंगावर घट्ट बसणारा सूट आहे. आमच्याकडे वाऱ्यावर उडणारे मोकळे केस नव्या कॉलरवर पडत होते, आणि हिरव्या कपड्याचा हिरवा उजेड त्या केसांत शिरलेला. तो हिरवा काढायला गेलं की केसांच्या बारीक कडा जातात, कडा वाचवायला गेलं की हिरवा राहतो. स्क्रीनशॉटमध्ये डोक्याभोवती जो कापल्यासारखा कंगोरा दिसतो ना, तो तिथला. आणि त्यात माझीही चूक आहे, मी तेव्हा कंटाळलो होतो, केसांची 'की', म्हणजे मागचा हिरवा रंग काढून आकृती सुटी करायचं काम, दोन तुकड्यांत करायला हवी होती ती एकाच तुकड्यात उरकली. कोऑर्डिनेटरला, म्हणजे कामाचं वेळापत्रक सांभाळणारीला, म्हणायला हवं होतं की मला तीन दिवस दे. म्हणालो नाही.

जनावराचं थोडक्यात सांगतो. डिलिव्हरीला सात आठवडे असताना नवीन डिझाइन आलं, आधीचं बैलासारखं आडदांड होतं, नवीन लांबट आणि सडपातळ. आतला सांगाडा नव्याने बांधायला वेळ नव्हता, मग जुन्याच सांगाड्यावर नवीन कातडी ओढली आणि अ‍ॅनिमेशन थोडंफार जुळवून घेतलं. म्हणजे सडपातळ जनावर बैलाच्या वजनाने चालतंय. लोक म्हणतात ना की आजकालच्या सीजीआयला, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या चित्रांना, वजन वाटत नाही, पाय जमिनीत रुतत नाहीत, तर दरवेळी अ‍ॅनिमेटरला येत नसतं असं नाही, कित्येकदा त्याने जीव तोडून केलेलं वजन दुसऱ्याच प्राण्याचं असतं.

नाही का म्हणाला नाहीत

हा प्रश्न मला घरच्यांनी पण विचारला. एवढे बदल चालले होते तर कंपनीने सांगायचं ना की बाबांनो, आता पुरे.

याचं उत्तर पैशात आहे. व्हीएफएक्स कंपन्या काम घेतात ते फिक्स्ड बिडवर, म्हणजे स्क्रिप्ट आणि काही चित्रं बघून आधीच सांगायचं की एवढे शॉट एवढ्या रकमेत करून देऊ. घर बांधणारा कंत्राटदार पण असंच सांगतो, पण तिथे निदान नकाशा असतो, आणि भिंत पाडून दुसरीकडे बांधा म्हटलं की तो जास्तीचे पैसे लावतो. आमच्याकडे नकाशाच काम चालू असताना बनतो. जास्तीच्या कामाचे पैसे मागायची पद्धत आहे, पण मोठे स्टुडिओ जगात मोजकेच, पुढचं काम त्यांच्याकडूनच यायचं, आणि कटकट करणारी कंपनी अशी ख्याती झाली की पुढचं बिड दुसऱ्याला जातं. वर प्रत्येक देश, प्रत्येक राज्य टॅक्समध्ये सूट देऊन काम ओढतंय, आज व्हँकुव्हर, उद्या माँट्रियल, परवा लंडन, त्यामुळे सगळ्यांनाच कमी भावात बोली लावायची सवय. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ करणारी रिदम अँड ह्यूज ही कंपनी २०१३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात त्याच कामाला ऑस्कर मिळालं. स्टेजवर त्यांचा माणूस कंपनीच्या अवस्थेबद्दल बोलायला लागला तर वाद्यवृंदाने संगीत वाजवून त्याला थांबवलं, आणि बाहेर रस्त्यावर व्हीएफएक्सवाले निदर्शनं करत उभे होते. हे जगातल्या सर्वोत्तम कामाचं झालं, आमच्या पुलाचं काय घेऊन बसलात. २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं, ती बातमी आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यांनी वाचली आणि कुणी मोठ्याने काही बोललं नाही.

शिवाय एक असतं की सॉफ्टवेअर चांगलं झालंय हेच घोडं अडायचं कारण झालंय. पूर्वी एक शॉट बदलायचा म्हणजे एवढा खटाटोप की डायरेक्टर दहादा विचार करायचा. आता बदलता येतं, म्हणून बदलतात. नंतर बघू म्हणायची सोय झाली आणि ठरवायचं काम सेटवरून उचलून आमच्या टेबलावर आलं, ते पण ठरवायचा अधिकार न देता.

पुरेसा वेळ आणि पैसा दिला तर उशिरा घेतलेला निर्णयही निभावून नेता येतो. 'सॉनिक'चं उदाहरण आहेच, २०१९ मध्ये ट्रेलर आला, त्या निळ्या प्राण्याचे दात बघून लोकांनी नुसता धुडगूस घातला, स्टुडिओने मुकाट्याने पात्र नव्याने बनवायला घेतलं आणि रिलीज नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर नेलं. २०१९ मध्येच 'कॅट्स' ठरलेल्या तारखेला लागला आणि थिएटरमध्ये सिनेमा चालू असताना सुधारलेल्या इफेक्ट्सची नवीन प्रत पाठवावी लागली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आमची तारीख हलली नाही. पोस्टर छापलेली होती.

एकसष्ट

शेवटच्या रात्री पहाटे तीनच्या आसपास एकसष्टावं व्हर्जन गेलं. शॉट ट्रॅक करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यासमोर सीबीबी असा शिक्का होता. याचा अर्थ, चालेल पण अजून चांगला होऊ शकतो, वेळ उरला तर परत घेऊ. मी इतक्या वर्षांत वेळ उरलेला बघितलेला नाही. जाण्याआधी एकदा नुसता चेहरा झूम करून बघितला तर डाव्या गालावर आणि कानाच्या पाळीवर बारीक केशरी रेघ. नवव्या व्हर्जनची. संध्याकाळच्या सूर्याची. कुठल्या तरी जुन्या लेयरमधून ती बावन्न व्हर्जन्स टिकून राहिली होती, आणि मागे आकाशात सूर्य उजवीकडे डोक्यावर. काढायला दहा मिनिटं लागली असती, पण परत रेंडर लावून, म्हणजे कॉम्प्युटरकडून सगळ्या फ्रेम्स नव्याने काढून, डिलिव्हरी करायला दोन तास, आणि कोऑर्डिनेटर दारात बॅग खांद्याला लावून उभी होती, तिला चौदा तास झाले होते. मी म्हटलं, "जाऊ दे." ती म्हणाली, "काय रे?" "काही नाही, पाठव."

पुढे कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शेवटी अख्ख्या सिनेमाचे रंग आणि उजेड जुळवतात तिथे, तो सीन शेजारच्या सीनशी जुळवायला अजून अर्धा स्टॉप उजळ केला. आम्ही अंधारात ढकलून लपवलेली एकेक कड उजेडात आली. त्यात सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावरचा, चकचकीत स्वच्छ, जुन्या फिल्मचा दाणा असता तर त्याने थोडं तरी पोटात घातलं असतं.

आता लोकांचं आवडतं औषध म्हणजे मग सगळं खरंच शूट करा ना, कॉम्प्युटर कशाला. त्यावर एवढंच सांगतो की २०१५ च्या 'फ्युरी रोड'मध्ये दोन हजारांच्या आसपास व्हीएफएक्स शॉट आहेत, आणि सगळं खरं म्हणून ज्याचा उदोउदो झाला त्या २०२२ च्या 'टॉप गन : मॅव्हरिक'मध्ये सुमारे २४००. तिथे खरी गाडी, खरं विमान, खरं ऊन समोर होतं आणि कॉम्प्युटरने त्यात भर घातली, म्हणून दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं श्रेय खऱ्याला, जे दिसतं त्याची शिवी सीजीआयला. आणि जुन्या सिनेमांतही भिकार इफेक्ट्स ढिगाने होते हो, ते आपण विसरलो म्हणून जुनं सगळं सोनं वाटतं. एलईडीच्या भिंतीवर मागचं दृश्य आधीच लावून शूट करायची पद्धत 'द मँडलोरियन'ने २०१९ पासून गाजवली, मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट टेक्निकल नाहीच, मागे काय आहे ते शूटच्या आधी ठरवावंच लागतं, नाहीतर भिंतीवर लावणार काय.

सिनेमा लागला तेव्हा मी तिकीट काढून गेलो. पुलाचा सीन आला तशी माझी छाती धडधडायला लागली, जनावर वर आलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. चार सेकंद, गेलं. शेवटी श्रेयनामावली लागली, आमच्या कंपनीला ठरावीकच नावं द्यायची मुभा होती, मॅचमूव्हवाल्याचं नाव नव्हतं, माझं होतं, बारीक अक्षरात चार कॉलमच्या गर्दीत. रात्री एका जुन्या मित्राचा मेसेज आला, अरे तुझं नाव बघितलं, फोटो काढायच्या आत वर गेलं, अभिनंदन, तू कुठला शॉट केलास?

मी त्याला दुसराच सांगितला.